नकाशाखालची ओळ

रत्नागिरीत लग्नपत्रिका छापून देणारे पंधरा-वीस तरी असतील. पण पत्रिकेच्या पाठीमागे नकाशा हवा असेल, तर माणूस राम आळीच्या टोकाला येतो, भांड्यांच्या दुकानाशेजारचा लाकडी जिना चढतो आणि मालन भाटकरच्या दारात धापा टाकत उभा राहतो. जिना चांगलाच उभा आहे. वर पोचलेलं गिऱ्हाईक आधी दम खातं आणि मग बोलतं. तेवढ्या वेळात मालन त्याच्या चपलांना लागलेली माती बघून ठरवते, की हा किती आतल्या गावचा आणि ह्याला नकाशा केवढा लागेल. सहसा चुकत नाही. चुकली तरी कबूल करत नाही.

नकाशाचं एवढं काय, असं कुणा शहरी माणसाला वाटेल. हॉलचं नाव टाकलं की झालं. पण आमच्याकडे आतल्या गावांत लग्न अजून घरापुढच्या खळ्यात लागतं, आणि ते घर म्हणजे हमरस्ता सोडून चार वळणं, पाण्याचा एक वहाळ, एक घाटी आणि शेवटी जांभ्या दगडाची पाखाडी, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची वाट, उतरून गेल्यावर. गावाला वाड्या आठ आणि आठही वाड्यांत त्याच आडनावाची माणसं. धनावड्यांचं घर कुठलं म्हणून विचारलंत, तर समोरचा उलट तुम्हालाच विचारतो, कुठले धनावडे? वऱ्हाड एकदा भलत्या वाडीत शिरलं की मुहूर्त गेलाच म्हणून समजा. त्यामुळे पत्रिकेवर पुढे गणपती जितका लागतो, तितकाच मागे नकाशा लागतो.

मालन आता छप्पन्न वर्षांची आहे. तरुणपणी तिने आयटीआयमध्ये आरेखकाचा कोर्स केला, वर्गात एकटी मुलगी, आणि पहिली आली. सरकारी नोकरी काही लागली नाही. लागली असती तर आज ती निवृत्तीच्या गोष्टी करत बसली असती, असं ती स्वतःच सांगते, आणि सांगताना तिला जरासुद्धा वाईट वाटत नाही. एका प्रेसमध्ये ती पत्रिकांचे नकाशे काढायला लागली. ट्रेसिंग पेपर, शाईचं बारीक पेन, आणि पायात स्लिपर. ज्या गावचं लग्न त्या गावाला एसटीने जायचं, थांब्यापासून मांडवापर्यंत पावलं मोजत चालायचं, वाटेतला पार, विहीर, देऊळ टिपून घ्यायचं आणि परत येऊन काढायचं. कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात, एक 'म'. तेवढीच तिची सही.

एकदा आरे-वारेकडच्या एका लग्नाच्या नकाशात तिच्या हातून चूक झाली. सुरूचं बन तिने रस्त्याच्या समुद्राकडच्या अंगाला काढायचं ते डोंगराकडच्या अंगाला काढलं. पत्रिका वाटून झाल्या, लग्न पार पडलं, कुणाच्या लक्षातही आलं नाही. दोन वर्षांनी तिच्या घरी एक पत्रिका आली, दुसऱ्या कुठल्या तरी प्रेसने छापलेली. पाठीमागे तिचाच नकाशा. तीच वळणं, तोच पार, आणि सुरूचं बन डोंगराकडे. फक्त कोपऱ्यातला 'म' खरवडून काढलेला. मालन आधी पोट धरून हसली. मग तिला राग आला, आणि तो पुष्कळ दिवस गेला नाही. "माझी चूक ठेवली मेल्यांनी आणि नाव खाल्लं," असं ती अजून म्हणते.

हे सांगायचं कारण, की पुढे जे झालं त्याचं मूळ त्या खरवडलेल्या 'म'मध्ये आहे.

स्वतःचं दुकान टाकलं, पन्नाशी उलटली, गुडघे बोलायला लागले. प्रत्येक गावाला चालत जाणं जमेना. तेव्हा तिची भाची समीक्षा, जी कॉम्प्युटर शिकून आली होती, तिला म्हणाली, "मावशी, फोनवरच्या नकाशाचा फोटो काढ आणि टाक, सगळे तेच करतात." मालनने तिच्याकडे असं बघितलं की समीक्षाने लगेच दुसरा मार्ग काढला. जगात असेही नकाशे आहेत, तिने सांगितलं, जे कुणीही वापरावेत म्हणूनच ठेवलेले आहेत. एक ओपनस्ट्रीटमॅप नावाचा आहे, तो लोकांनीच मिळून केलेला. ज्याला जी वाट ठाऊक, त्याने ती त्यात घालायची.

मालनने आठवडाभर दुपारचं जेवण झालं की त्याच्या अटी वाचल्या, पोथी वाचावी तशा, शब्दाखाली बोट ठेवून. समीक्षाला हजार प्रश्न विचारून भंडावून सोडलं. शेवटी तिने आपल्यापुरता हिशेब लावला. काही नकाशे गावच्या विहिरीसारखे. खूप जुने, हक्काची मुदत संपलेले, किंवा करणाऱ्याने आपणहून सोडून दिलेले. कुणीही यावं, पाणी भरावं, विचारायची गरज नाही. आणि काही नकाशे कुणाच्या तरी परड्यातल्या विहिरीसारखे. दार उघडं आहे, पाणी हवं तेवढं न्या, विका सुद्धा, पण पाणी कुणाचं ते सांगा. ही दुसरी अट तिला फार आवडली. अशी अट पूर्वी असती तर तिचा 'म' जागेवर राहिला असता.

पहिल्या वर्षी ती तोंडावर आपटलीही. एक जुना सर्व्हेचा नकाशा तिला सापडला, इंग्रजांच्या काळातला, देखणा, डोंगरांना केसांएवढ्या बारीक रेषा. मुदत केव्हाच संपलेली, कुणाचा हक्क नाही. तिने तो हौसेने एका मुंजीच्या पत्रिकेवर छापला. त्यात खाडीवर 'तर' दाखवली होती. माणसं आणि गुरं पलीकडे नेणारी होडी ती, पण तिला बंद होऊन दोन पिढ्या झाल्या होत्या. मुंजीच्या दिवशी मुलाचा मावसआजा आहेराची पिशवी घेऊन तासभर खाडीकाठी उभा राहिला आणि शेवटी अलीकडेच मुक्काम करून बटूला भिक्षा घालायला दुसऱ्या दिवशी आला. तेव्हापासून मालन जुने नकाशे पत्रिकेच्या कागदाला मागचा फिकट रंग म्हणून वापरते, वाट दाखवायला नाही. नकाशा फुकट आहे म्हणून काही बंद पडलेली होडी परत येत नाही.

बाकी तिचं उत्तम चाललं. नकाशात कुठे चूक दिसली तर ती स्वतः जाऊन दुरुस्त करायची. आरे-वारेचं सुरूचं बन तिने पहिल्याच दिवशी तपासलं. ते समुद्राच्याच बाजूला होतं. ज्याने कुणी ते घातलं होतं त्याला तिने मनातल्या मनात नमस्कार केला. आणि तिच्या प्रत्येक पत्रिकेवर, नकाशाखाली उजव्या कोपऱ्यात, ती ओळ यायला लागली: 'नकाशाची माहिती: ओपनस्ट्रीटमॅपचे योगदानकर्ते.' तीन वर्षांत त्या ओळीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मग यंदाच्या माघात आप्पा धनावडे जिना चढून आले.

आप्पा लांज्याच्या बाजूच्या कासारकोंडचे. वय शहात्तर, अंगात पांढरा शर्ट, चपलांना तांबडी माती, म्हणजे नकाशा मोठाच. बरोबर मुलगा संदेश. संदेशच्या मुलीचं, मनस्वीचं, लग्न वैशाखात दारात लागणार होतं. वऱ्हाड दापोलीकडून, हर्णैच्या वरच्या अंगाच्या एका गावातून येणार, दोन गाड्या भरून, आणि त्यातल्या एकानेही कासारकोंड पाहिलेलं नाही. मुहूर्त सकाळचा. "वराड वाट चुकता नये," आप्पांनी बसायच्या आधीच सांगितलं.

संदेशने मजकुराचा कागद पुढे केला. लग्नपत्रिका म्हणजे काय ते आमच्या लोकांना विचारा. मुलामुलीची नावं दोन ओळींत आटपतात, खरी पत्रिका असते ती निमंत्रकांच्या यादीत. कुणाचं नाव आधी, कुणाचं नंतर, कुणाचं राहिलं, ह्यावरून माणसं दहा-दहा वर्षं एकमेकांच्या घरचं पाणी पीत नाहीत. कागदावर पहिलं नाव होतं श्री. विठू रावजी धनावडे, म्हणजे आप्पा. त्याखाली संदेशच्या अक्षरात दुसरं नाव होतं, श्री. लवू रावजी धनावडे, आणि त्यावर लाल पेनाने आडवी रेघ मारलेली होती. रेघ इतकी दाबून मारलेली की कागद फाटला होता.

"काकांचं नाव," संदेश हळूच म्हणाला.

"त्ये नको," आप्पा म्हणाले. "छापू नको त्ये."

मालनने विचारलं नाही. पण जो माणूस विषय नको म्हणतो त्यालाच तो काढल्याशिवाय चैन पडत नाही. पहिला चहा संपायच्या आत आप्पांनी सगळं सांगून टाकलं. लवू धाकटा भाऊ. टेलिफोन खात्यात लाइनमन होता, तिकडे मुंबईला नालासोपाऱ्यात राहिला, आता निवृत्त. चार वर्षांपूर्वी शिमग्याला देवाची पालखी घरी यायची होती. लवूने मुंबईहून निरोप पाठवला, मी येतो, माझ्यासाठी थांबा. पालखी थांबली, थांबली, आणि उठली. लवू आला तो दोन तासांनी, मुलगी शमिका बरोबर, दोघं घामाने भिजलेली. वाट चुकलो म्हणाला.

"मी बोललो तेला," आप्पा म्हणाले, "चाळीस मानसांत बोललो. जेला घरची वाट गावत नाय, तेनं घर सांगू नये. तवा गेला तो आलाच नाय."

सांगताना त्यांचा आवाज चढला होता, पण डोळे कपाच्या तळाशी होते. मालनने मजकुराचा कागद तिच्या नेहमीच्या खिळ्याला टोचून ठेवला. लाल रेघेसकट.

दुसऱ्या दिवशी तिने ओपनस्ट्रीटमॅपमध्ये कासारकोंड उघडलं आणि चाटच पडली. इतकी वर्षं ती आतली गावं बघत होती. बहुतेक गावं म्हणजे एक रस्ता आणि पुढे हिरवं मोकळं रान. कासारकोंडात मात्र कुणीतरी एक पायरी सोडली नव्हती. नवीन रस्ता, नदीच्या अलीकडून येणारा. वहाळ. गुरवाची विहीर. सहाणेची जागा, जिथे शिमग्याला पालखी बसते. वरची पाखाडी, खालची पाखाडी, आणि खालच्या पाखाडीच्या मध्यावर एक बारीक टिंब, नाव 'येसूबाईची पायरी'. असं गाव मिळालं की मालनला गाणं सुचतं, आणि ती बेसूर गाते. दुपारपर्यंत तिने नकाशा बसवला, वाटेला जाड तांबडी रेघ दिली, मांडवाच्या जागी छोटं तोरण काढलं आणि खाली उजव्या कोपऱ्यात ती ओळ.

आठवड्याने आप्पा संदेशला घेऊन प्रूफ बघायला आले. नकाशावर त्यांनी बराच वेळ बोट फिरवलं. येसूबाईच्या पायरीवर ते बोट थांबलं.

"ही तुला कोनी सांगितलान?"

"नकाशातच होती, आप्पा. कुणाची पायरी ती?"

"आमची आय. डोईवर भारा घेऊन येताना त्या पायरीवर टेकायची. आमी दोगं भाव खाली वाट बगत ऱ्हायचो." त्यांनी संदेशकडे बघितलं, त्यानेच सांगितलं असणार अशा समजुतीने, आणि खूश झाले. मग बोट खाली सरकलं. "नि ह्यो कोन गो बाय?"

"कोण?"

"ह्यो खाली. योगदानकर्ते. आमच्या भावकीत ह्या नावाचा कोन नाय."

मालनने समजावून सांगितलं. हा नकाशा तिने सजवला, पण त्यातल्या वाटा तिच्या नव्हेत. लोकांनी त्या घातल्या आणि सगळ्यांना वापरायला दिल्या, अट एवढीच की त्यांचं श्रेय द्यायचं. आप्पांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली, पण नकारार्थी.

"आमच्या पत्रिकेवर आमची नावं. सख्ख्या भावाचं नाव काडलं मी, नि ह्या परक्याचं ठेवू? गाव काय म्हनंल? काड ती वळ."

"नाव काढायचं तर नकाशा काढते, आप्पा," मालन म्हणाली. "नकाशा राहायचा तर नाव राहील."

संदेश खिडकीबाहेर बघत होता.

"वाडीत सात लग्नां हायत ह्या साली," आप्पा म्हणाले. "सगळी तुज्याकडं येनार व्हती."

मालनने मनातल्या मनात हिशेब केला, खोटं कशाला सांगा. सात लग्नं म्हणजे तिचा अर्धा हंगाम. पण तिच्या डोळ्यांपुढे तो खरवडलेला कोपरा आला, आणि तो आला की तिचं डोकं जागच्या जागी येतं. "मग सातांनाही हेच सांगेन," ती म्हणाली.

आप्पा चिवट, पण ती त्यांच्याहून. फोनवरचा नकाशा काढून दे, ते म्हणाले, आमच्या वाडीतली पोरं सगळं त्यावरच बघतात. मालन म्हणाली, तो एका कंपनीचा आहे, छापायला त्यांचे वेगळे नियम आहेत, आणि शिवाय तुमचं गाव त्यात अजून नदीपलीकडच्या वाटेने दाखवतो. मग हाताने काढ, आप्पा म्हणाले, तू तर हातानं काडनारी बाय. त्यावर मालन हसली. "मी कासारकोंड बघितलेलंच नाही. हाताने काढायचा तर ह्याच्यात बघून काढणार. मग शाई माझी झाली म्हणून वाट माझी होते काय?"

शेवटी तिने एक प्रामाणिक मार्गही पुढे केला. कपाटातून जुन्या सर्व्हेच्या नकाशाची छापील प्रत काढली आणि टेबलावर पसरली. "ह्याला कुणाचं नाव लागत नाही. छापून साठ वर्षं कधीच उलटली. हा आता सगळ्यांचा."

आप्पांचा चेहरा उजळला. त्यांच्या वडलांच्याही आधीचं कासारकोंड होतं ते. विहीर होती, पायवाट होती, नदीवर साकव, म्हणजे लाकडी पूल, होता. "मंग ह्योच घाल."

"घालते. पण ह्यात तुमचा नवीन रस्ता नाही. वऱ्हाड जुन्या वाटेने येणार, नदीच्या पलीकडे उतरणार आणि साकव शोधणार."

"साकव गेला की वाहून. पाच पावसाळं झालं."

"तेच म्हणते मी."

संदेश खिडकीपासून वळला. आप्पांपुढे तो कधी बोलायचा नाही, पण आता बोलला. "काका तिथंच उभे होते, आप्पा. शिमग्याला. लहानपणापासून ज्या वाटेनं आले त्याच वाटेनं आले ते. साकव वाहून गेलाय हे तेंला कुणी कळवलंच नव्हतं. मागं फिरून सगळा वळसा घालून आले."

जुन्या नकाशावरच्या साकवावर आप्पांनी अंगठा ठेवला होता, तो तसाच होता. मग आवाज शक्य तितका कडक ठेवून म्हणाले, "ही तुजी मानसां कोन ती तरी दाकव. नाव लावायचं तर मानूस बगून लावू."

हे सोपं होतं. त्या नकाशात कुठल्याही रेघेवर बोट ठेवलं की ती कुणी घातली आणि कधी, ते दिसतं. मालनने स्वतःही कासारकोंडचं बघितलेलं नव्हतं. नकाशा इतका चोख होता की तशी गरजच पडली नव्हती. तिने पडदा आप्पांकडे फिरवला आणि खालच्या पाखाडीवर टिचकी मारली.

घालणाऱ्याचं नाव आलं: 'लाइनमन लवू'.

तिने विहिरीवर टिचकी मारली. लाइनमन लवू. सहाण. लाइनमन लवू. नवीन रस्ता, वळणावळणाने. लाइनमन लवू. येसूबाईच्या पायरीवर टिचकी मारायची तिला गरज नव्हती, पण आप्पांनी स्वतः हात पुढे केला, बोट त्या टिंबावर नेलं आणि तिने ते उघडून दिलं. तेच नाव. मग तिने त्या नावाची सगळ्यात पहिली नोंद शोधली. ती साकवाची होती. साकव पुसून टाकलेला, आणि शेजारी शेरा लिहिलेला: 'साकव वाहून गेला आहे. इकडून येऊ नये. नवीन रस्त्याने यावे. कुणाची खोटी होऊ नये.'

"तारीख काय?" आप्पांनी विचारलं.

संदेशने वाचली. पालखी उठली त्यानंतरचा तिसरा दिवस.

चाळीस माणसांत अपमान झालेला माणूस नालासोपाऱ्याच्या घरी परत गेला होता आणि तिसऱ्या दिवशी आपल्या गावाची वाट सरळ करायला बसला होता. मालनला भरून आलं. तिने ते लपवलं नाही, पदराने डोळे पुसले आणि पंख्याला दोष दिला. आप्पा रडले नाहीत. त्यांनी प्रूफ उचललं, घडी केली, आणि "येतंव," एवढंच म्हणून जिना उतरून गेले. संदेश मागोमाग गेला.

त्या दिवशी मालनने धनावड्यांचं काम गेलं असंच धरलं. तिला पश्चात्ताप झाला का, तर नाही. थोडी भीती वाटली, आणि तीही रात्रीच्या माशाच्या कालवणाबरोबर ओसरली. तिला राहून राहून वाटत होतं ते एवढंच, की त्या लवूला हे कळायला हवं, की त्याची पायरी त्याच्या भावाने बोटाने ओळखली.

चौथ्या दिवशी जिन्यावर पावलं वाजली. आप्पा एकटेच होते. दम खायला ते थांबलेच नाहीत.

"बाय, माज्या खाली लवूचं नाव घाल. माज्याच मापाचं अक्षर."

मालनने खिळ्यावरचा कागद काढला. लाल रेघेखालचं नाव तसंच वाचता येत होतं. श्री. लवू रावजी धनावडे. तिने ते समोरच टाइप केलं आणि आप्पांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून अक्षर न् अक्षर बघितलं.

"आता वर नाव आलंच आहे त्यांचं," मालन म्हणाली. तिला आप्पांची थोडी परीक्षा बघायची होती, खोडच आहे तिची. "खालची ती ओळ तरी काढू म्हणता का?"

"वर तो माजा भाव म्हनून हाय," आप्पा म्हणाले. "खाली तेनं काम केलान म्हनून. दोन्ही ऱ्हाऊ दे."

पत्रिका तयार झाल्या त्या दिवशी ते पुन्हा आले. गठ्ठे संदेशने खाली रिक्षात नेले. आप्पा मागे राहिले आणि त्यांनी एकच पत्रिका बाजूला काढून घेतली, कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेली. मग शर्टाच्या खिशातून एक चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. नालासोपाऱ्याचा पत्ता होता, संदेशच्या अक्षरातला.

"पैली पत्रिका तेला. पोस्टानं नको. मी जातंव."

"संदेश येतोय ना बरोबर?"

"नाय. येकटाच." शहात्तर वर्षांच्या माणसाला पुढचं बोलायला जड जात होतं, पण त्यांनी ते सरळ बोलून टाकलं. "तेनं घर घेतलान तवा बोलावलान व्हतं. मी गेलो नाय. मना तेच्या घरची वाट ठाव नाय, बाय. येक नकाशा काडून दे."

मालनने आयुष्यात शेकडो नकाशे काढले, पण इतका चटकन कुठलाच काढला नसेल. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये चिठ्ठीवरचा पत्ता शोधला आणि त्यावरून काढलं: स्टेशन, जिना कुठल्या बाजूने उतरायचा ते, रिक्षाचा नाका, दवाखान्याची पाटी, तिसरं वळण, इमारत. वाट जाड तांबडी. अक्षरं मोठी, चष्मा हरवला तरी दिसतील अशी. छापून कागद त्यांच्या हातात दिला.

आप्पांनी नकाशा खिडकीच्या उजेडात धरला. स्टेशनपासून इमारतीपर्यंत बोट फिरवलं, एकदा, दोनदा. मग खाली उजव्या कोपऱ्याकडे बघितलं आणि कागद तिच्यापुढे परत धरला.

"ती वळ ऱ्हायली."

एकट्या माणसाच्या खिशातला एकच कागद, गठ्ठ्याने छापायचा नाही, वाटायचा नाही, म्हणून घाईत मालन ती ओळ घालायला विसरली होती. तीन वर्षांत पहिल्यांदा. तिने काही सबब सांगितली नाही. कागद घेतला, म्हणाली, "बसा आप्पा, घालते," आणि पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसली.